दोन थोरले

संक्रांत तोंडावर आली, की आमच्या सातारा-सांगलीकडच्या घरांतून तीळ निवडायला बसतात. बाजारात सुगडं मांडली जातात. ज्या घरी नवी सून आलेली असते, तिथे काळ्या साडीची आणि हलव्याच्या दागिन्यांची गडबड असते. अशाच एका संक्रांतीला, १४ जानेवारी १९४३ रोजी, कराडातल्या एका घरी पोलीस आले आणि नव्या सुनेलाच घेऊन गेले. लग्नाला जेमतेम साडेसात महिने झाले होते. तिची ही पहिलीच संक्रांत. नवरा भूमिगत होता, हाती लागत नव्हता, म्हणून बायकोला धरलं.

ती सून म्हणजे वेणूताई आणि नवरा यशवंतराव चव्हाण. यशवंतरावांची पदं शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्यांच्यामागे उभे असलेले दोन थोरले भाऊ मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. ज्ञानोबा आणि गणपतराव.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, आजोळी देवराष्ट्र्याला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच ते प्लेगने गेले. विठाईंच्या पदरात तीन मुलगे आणि एक मुलगी. कोर्टातल्या मंडळींनी माणुसकी दाखवली आणि वडिलांच्या जागी ज्ञानोबांना बेलिफाची नोकरी मिळाली. ज्या वयात मुलं विटीदांडू खेळतात, त्याच्या थोडं पुढे गेलेला हा मुलगा समन्स घेऊन खेडोपाडी हिंडू लागला.

मधल्या गणपतरावांना शिकायची हौस होती, पण एका पगारात दोघांचं शिक्षण होईना. गणपतरावांनी आपलं शिक्षण सोडलं आणि धाकट्याचं चालू ठेवलं. सत्यशोधक विचारांचं वारं घरात आलं तेही त्यांच्यामुळेच.

२६ जानेवारी १९३२ रोजी तिरंगा फडकवल्याबद्दल यशवंतरावांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्याच्यासाठी घर झिजत होतं, तोच शाळा सोडून तुरुंगात गेला. तरी घराने त्याला माफी मागायला लावली नाही. सुटून आल्यावर मॅट्रिक, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी. ए., पुढे पुण्याला वकिलीचं शिक्षण. कराडात वकिलीचा जम बसेल आणि भावांच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरेल, असं वाटत होतं, तोवर बेचाळीसचा ऑगस्ट उजाडला.

त्या वर्षी सातारा जिल्हा पेटला होता. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर, एकेका कचेरीवर मोर्चे निघाले. वडूजला ९ सप्टेंबरला आणि इस्लामपूरला दुसऱ्याच दिवशी गोळीबार झाला, माणसं मेली. यशवंतराव भूमिगत झाले. मग ती संक्रांत आली आणि त्याच दिवसांत घरावर दुसरा घाव बसला. एका शस्त्रक्रियेनंतर ज्ञानोबा दगावले. ज्याने बापाच्या जागी उभं राहून घर सावरलं, त्याच्या शेवटच्या वेळी धाकटा भाऊ जवळ नव्हता. येता येण्यासारखं नव्हतं. या साऱ्याने वेणूताईंची प्रकृती ढासळली. त्या माहेरी फलटणला होत्या. यशवंतराव त्यांना पाहायला गेले आणि तिथेच पकडले गेले.

१९४६ मध्ये यशवंतराव मुंबई विधानसभेवर निवडून आले, पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. गणपतरावांनी पाहिलं ते एवढंच. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास क्षयाने त्यांचा घास घेतला. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला होता, पण आपल्याकडच्या सामान्य घरांपर्यंत ते पोचायला अजून अवकाश होता. गणपतरावांच्या मुलांना वेणूताईंनी आपली म्हणून वाढवलं.

१९५६ मध्ये यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, १९६० मध्ये महाराष्ट्राचे, १९६२ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री. हे सगळं विठाईंनी डोळ्यांनी पाहिलं. त्या १९६५ पर्यंत होत्या. पण त्यांच्या घरी सणाला पंगत बसायची, तेव्हा दोन पाटांवरची माणसं नसायची.

यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातच गरीब घरांतल्या मुलांना फीमाफी मिळू लागली. आपण तिला ईबीसी म्हणतो. निर्णय सरकारी होता, कारणं राज्यकारभाराची होती. पण पैशापायी सुटलेली शाळा म्हणजे काय, हे त्या खुर्चीतल्या माणसाने स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

हे मी इतकं ठासून लिहितो, त्याला कारण आहे. शाळेत असताना माझा ईबीसीचा फॉर्म दर वर्षी माझा थोरला भाऊ भरून द्यायचा. तो स्वतः सातवीनंतर शाळेत गेला नव्हता. वडिलांबरोबर शेतावर राबायचा. मी बँकेत लागलो, अधिकारी झालो, पुस्तकं लिहिली. त्याचे आभार मानायचे राहून गेले. भावाचे आभार कोण मानतो? तो गेला, तेव्हा मी बदलीच्या गावी होतो. एसटीने पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

पुढे नोकरीत माझी कराडला बदली झाली. संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर जाऊन बसायचो. तिथे यशवंतरावांची समाधी आहे. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले. त्याच वर्षी निघालेलं त्यांचं ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र १९४६ पाशी थांबतं. पुढचे खंड लिहायचे राहिले. पण जेवढं लिहिलं गेलं, त्यात दोन्ही थोरले आहेत. राहून गेलेलं देणं त्यांनी निदान कागदावर तरी मांडून ठेवलं.

उद्या-परवा संक्रांत. आमच्याकडे तिळगुळाचा पहिला लाडू देवापुढे जातो, दुसरा आम्ही थोरल्याच्या फोटोपुढे ठेवतो. यंदा मी नातवंडांना जवळ बसवून तो कोण होता ते सांगणार आहे. तुमच्याही घरी असा कुणी असेल, तर त्याचं नाव त्या दिवशी मुलांच्या कानावर घाला.