डॉ. रखमाबाई

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून कर्तबगार पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात जुना आहे. यंदा आम्ही गिरगावातील एका स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते वाचताना आम्हा ज्ञातिजनांस थोडे अवघडल्यासारखे झाले, तर ते योग्यच होईल.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत सुतार ज्ञातीत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर निवर्तले. या ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. मातोश्री जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. हे डॉक्टर १८८३ साली निघालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होत. अशा सुविद्य घरातही रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. त्या माहेरीच राहिल्या आणि ग्रंथांच्या आधारे घरीच शिकल्या. जावयाने सासरघरी राहून विद्या संपादन करावी, असे ठरले होते. ते त्यांच्या हातून झाले नाही.

१८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मागितला. रखमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की, जाणतेपण येण्यापूर्वी, आपल्या संमतीवाचून लागलेले लग्न आपणांस बंधनकारक नाही. आईला पती वारल्यावर दुसरे घर करता आले. मुलीला मात्र पती हयात असता नकार देण्याची सोय नव्हती. उलट दादाजींना दुसरी बायको करण्यास कोणताच अडसर नव्हता.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नांदावयास जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नांदावयास न जाणाऱ्या बायकोस कैदेत टाकण्याची ही रीत आपल्या धर्मशास्त्रातील नव्हे. ती विलायती कायद्यातून आली. तरीही धर्मरक्षणाच्या नावाने टिळकांसह अनेकांनी तिचीच बाजू उचलून धरली, हे आम्हांस आजही खटकते.

या हुकुमापूर्वी जेमतेम आठवडाभर, २६ फेब्रुवारीस, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. एका विद्यावती स्त्रीसाठी लोक हळहळत होते आणि दुसरीवर तुटून पडत होते. आनंदीबाई पतीच्या इच्छेने शिकल्या. रखमाबाई स्वतःच्या इच्छेने वागल्या. आमच्या मते लोकांच्या वागण्यातील या फरकाचे मूळ तेथेच आहे.

१८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. निवाड्याने न सुटलेला प्रश्न पैशाने मिटला! पुढे कामा इस्पितळाच्या डॉ. एडिथ पेची यांच्या साहाय्याने रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रीरुग्णांची दीर्घकाळ सेवा केली. त्यांच्या खटल्याने पेटलेल्या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि दहाचे वय बारा झाले. त्यांना भोगावी लागली असती ती कैदेची शिक्षा १९२३ साली कायद्यातून गेली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या निवर्तल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने घटस्फोटाची वाट मोकळी केली, मात्र नांदावयास येण्याचा दावा नवव्या कलमात कायम ठेवला.