अजिंठ्याचे चित्रकार रॉबर्ट गिल

मुलांनो, मेहनतीने काढलेले तुमचे चित्र फाटले, तर तुम्हांला किती वाईट वाटते! मग ज्यांचे अनेक वर्षांचे काम आगीत जळाले, त्यांना काय वाटले असेल?

रॉबर्ट गिल यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. ते मद्रासच्या सैन्यात अधिकारी होते. चित्रकलेतही ते निपुण होते. त्या काळी अजिंठ्याच्या लेण्यांतील प्राचीन भित्तिचित्रे ओल व वटवाघळे यांमुळे खराब होत होती. त्यांच्या प्रतिकृती काढण्याचे काम कंपनी सरकारने १८४४ साली गिल यांच्याकडे सोपवले. ते अजिंठा गावी राहू लागले. लेण्यांभोवती दाट जंगल आणि आत अंधार! तरीही मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत चित्रे काढून ते लंडनला पाठवत. पुढे छायाचित्रणाची कला शिकून त्यांनी लेण्यांची छायाचित्रेही काढली.

१८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तेथे मांडलेली गिल यांची बहुतेक चित्रे नष्ट झाली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पण ते खचले नाहीत. ते पुन्हा लेण्यांत गेले आणि त्यांनी नव्याने कुंचला हाती घेतला. १८७९ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

मुलांनो, तुम्ही अजिंठ्याला जाल, तेव्हा चित्रांना हात लावू नका, भिंतींवर नावे कोरू नका. ही चित्रे जतन व्हावीत म्हणून एका माणसाने आपले आयुष्य वेचले, हे विसरू नका.