वसंतदादा आणि माझी फीची पावती

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे वसंतदादा पाटील म्हणजे एक साखर कारखाना आणि चौकातला पुतळा, एवढंच मला माहीत होतं. यंदा बाबा माझी फी भरायला आले. साताऱ्याकडे आमची थोडी शेती आहे. पावतीची घडी खिशात ठेवत ते म्हणाले की, ही कॉलेजं दादांमुळे निघाली. म्हणून मी वाचायला घेतलं.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. गाव सांगलीजवळचं, कृष्णाकाठचं पद्माळे. तान्हे असतानाच आई-वडील गेले, आजीने वाढवलं. शाळा लवकर सुटली आणि शेती हाती आली. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले, पुढे पकडले गेले. २४ जुलै १९४३ ला साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून त्यांनी तटावरून खंदकात उडी घेतली. कृष्णेला पूर होता. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे मारले गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा गजाआड गेले. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. माझ्यापेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठे! मला तर रेक्टरसमोर तोंड उघडायची भीती वाटते.

१९४६ ला सुटका झाली आणि १९५२ मध्ये ते आमदार झाले. सांगली जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई. ऊस पिकवणाऱ्यांच्याच मालकीचा कारखाना हवा, म्हणून गावोगाव फिरून त्यांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं आणि सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढे ते चार वेळा मुख्यमंत्री झाले.

इंजिनिअरिंगच्या सरकारी जागा तेव्हा मोजक्याच होत्या. आपली मुलं डोनेशन भरून कर्नाटकात शिकायला जात. १९८३ मध्ये दादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. शिक्षणाचा बाजार मांडला, अशी टीका तेव्हाही झाली. १ मार्च १९८९ ला दादा गेले. तो वाद मात्र अजून संपलेला नाही.

मला दोन्ही बाजू पटतात. दादांनी दार उघडलं नसतं, तर माझ्यासारखी खेड्यातली मुलगी आज ड्रॉइंग हॉलमध्ये नसती. पण त्या दारातून आत यायला बाबांना कर्ज काढावं लागलं, हेही खरंच. कारखान्यात शेतकरी मालक झाला. कॉलेजात तो फी भरणारा पालकच राहिला. स्वतःला शाळा न मिळालेल्या दादांना आज हे कसं वाटलं असतं? मित्रांनो, पुढची पावती घडी करताना तुम्हीही विचार करा.