‘ढ’ मुलांचा कैवारी : डॉ. सॅम्युएल ऑर्टन

बोलण्यात चुणचुणीत, खेळात पुढे, हाताने काही करायला दिले तर तरबेज. पण पुस्तक समोर आले की अडखळणारे मूल बहुतेक प्रत्येक वर्गात असते. अशा मुलाला एकेकाळी सरसकट ‘ढ’ किंवा आळशी ठरवले जाई. शिक्षक छडी उगारत, पालक हताश होत आणि मूल स्वतःलाच मूर्ख समजू लागे. हा शिक्का पुसण्यासाठी ज्या वैद्यांनी आयुष्य वेचले, त्यांत अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सॅम्युएल टोरी ऑर्टन यांचे नाव अग्रभागी आहे. आज ‘डिस्लेक्सिया’ म्हणून परिचित असलेल्या दोषाचा अभ्यास आणि त्यावरील अध्यापन, या दोन्हींच्या मुळाशी त्यांचे काम आहे.

ऑर्टन यांचा जन्म १८७९ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस येथे झाला. वडील एडवर्ड ऑर्टन भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि ओहायो राज्य विद्यापीठाचे पहिले अध्यक्षही. विद्येचे वातावरण घरातच होते. सॅम्युएल यांनी मात्र वैद्यकाची वाट धरली आणि १९०५ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची पदवी मिळवली. उमेदीची वर्षे त्यांनी मनोरुग्णालयांत आणि प्रयोगशाळेत घालवली. मृत रुग्णांच्या मेंदूचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आणि आजाराची खूण शोधायची, हे त्यांचे काम. मेंदूचा एखादा भाग दुखावला की माणूस बोलणे किंवा वाचणे कसे गमावतो, याची त्यांना चांगली जाण आली. १९१९ मध्ये आयोवा राज्यातील नव्या मनोरुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १९२५ च्या जानेवारीत. शहरातील रुग्णालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी त्यांनी ग्रीन परगण्यात दोन आठवड्यांचे फिरते तपासणी केंद्र उघडले. अभ्यासात मागे पडलेली मुले पाठवावीत, असे स्थानिक शिक्षकांना सांगण्यात आले. आलेल्या मुलांपैकी १४ जणांची मुख्य तक्रार एकच होती, ती म्हणजे वाचता येत नाही. त्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. बुद्धिमापन चाचणीत त्याला ७१ गुण मिळाले होते. त्या काळच्या हिशेबाने हे गुण मंदबुद्धीच्या सीमेवरचे. प्रकरण तिथेच मिटले असते.

ऑर्टन यांनी तो आकडा प्रमाण मानला नाही. मुलाशी बोलताना त्याची समज त्यांना स्पष्ट दिसत होती. ज्या चाचण्यांत वाचनाची गरज नव्हती, त्यांत तो चांगला चालला. ज्याला वाचता येत नाही त्याची बुद्धी वाचनावर बेतलेल्या कसोटीने मोजणे अन्यायाचे आहे, हे त्यांनी ओळखले. त्याच वर्षी त्यांनी शाळकरी मुलांच्या ‘शब्दांधत्वा’वर शोधनिबंध प्रसिद्ध केला. या दोषाची नोंद युरोपात आधीच झाली होती. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका हुशार मुलाची हकिकत लिहिली होती. पण तेव्हा हा दोष अत्यंत विरळ समजला जाई. तो विरळ नाही, अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो आणि शिकवून त्यावर मात करता येते, हे ऑर्टन यांनी ठासून मांडले.

ही मुले इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’ या अक्षरांत गल्लत करत, ‘वॉज’ हा शब्द उलटा करून ‘सॉ’ असा वाचत. त्यावरून ऑर्टन यांनी एक उपपत्ती बांधली. मेंदूच्या दोन्ही गोलार्धांत अक्षराच्या परस्परविरुद्ध, आरशातल्यासारख्या प्रतिमा उमटतात. एका गोलार्धाचे वर्चस्व प्रस्थापित झाले नाही तर त्यांचा गोंधळ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील संशोधनात ही उपपत्ती टिकली नाही. अक्षरे उलटी करणे हे नवशिक्या मुलांत सर्रास आढळते. डिस्लेक्सियाच्या मुळाशी बहुतांशी डोळ्यांचा नव्हे, तर शब्दांतील सुटे ध्वनी ओळखण्याचा आणि ते अक्षरांशी जोडण्याचा अडसर असतो, असे आज मानले जाते.

पण कारणाचा अंदाज चुकला तरी उपचाराची दिशा अचूक ठरली. त्या काळात अमेरिकन शाळांत अख्खा शब्द चित्रासारखा पाहून लक्षात ठेवण्याची पद्धत रूढ होत होती. ही पद्धत काही मुलांच्या अडचणीत भरच घालते, असा इशारा ऑर्टन यांनी १९२९ मध्ये दिला. त्यांचा आग्रह वेगळा होता. आधी एकेका अक्षराचा ध्वनी पक्का करावा. मुलाने अक्षर पाहावे, उच्चारावे, ऐकावे आणि त्याच वेळी बोटाने गिरवावे. मग ध्वनी जोडून शब्द तयार करावा. डोळा, कान, जीभ आणि हात यांनी मिळून शिकायचे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर जायचे नाही.

न्यूयॉर्कमधील वास्तव्यात या विचाराला अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोन जाणत्या शिक्षिकांची साथ लाभली. त्यांनी पायरीपायरीने धडे रचून शिक्षकांसाठी १९३६ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली. ‘ऑर्टन-गिलिंगहॅम’ पद्धत ती हीच. पुढच्याच वर्षी ऑर्टन यांचा मुलांच्या वाचन, लेखन व वाणीदोषांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९४९ मध्ये स्थापन झालेली ‘ऑर्टन सोसायटी’ पुढे आंतरराष्ट्रीय डिस्लेक्सिया संघटना म्हणून ओळखली जाऊ लागली.

या विचाराचे पडसाद आपल्याकडे उमटायला बराच काळ लागला. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या दोषाचा स्पष्ट समावेश झाला. सवलतीने परीक्षा पार पडते, वाचता मात्र येत नाही. त्यासाठी मुलाशेजारी बसून अक्षर आणि ध्वनी यांची गाठ धीराने बांधून देणारा शिक्षक लागतो. मूल वाचत नसेल तर त्याच्या बुद्धीवर शंका घेण्याआधी आपली शिकवण्याची रीत तपासावी, ही ऑर्टन यांची शिकवण. त्यांचा सिद्धांत मागे पडला. ही शिकवण मात्र प्रत्येक वर्गाला आजही लागू आहे.