शेकरांची गाणी आणि मदर ॲन ली





ईस्टरच्या सरावात आमच्या मंडळीतल्या तरुण पोरांनी 'लॉर्ड ऑफ द डान्स' हे गीत टाळ्या वाजवत, डोलत म्हटलं. देवळात हे शोभत नाही, म्हणून पहिला आवाज चढवला तो मीच. पुढे कळलं की ती चाल मूळ अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या 'सिंपल गिफ्ट्स' या १८४८ सालच्या गाण्याची. मग या पंथाची आई मानलेल्या ॲन लीची माहिती वाचून काढली.

ॲन १७३६ साली इंग्लंडात मँचेस्टरला जन्मली. बाप लोहार. शाळेचं तोंड पाहिलं नाही, लिहिता-वाचता कधी आलंच नाही. लहानपणीच कापड कारखान्यात कामाला लागली. १७६२ साली लग्न झालं, नवराही लोहारच. चार मुलं झाली आणि चारही लहानपणीच गेली. हे दुःख तिने देवापुढे नेलं, आणि पापाचं मूळ स्त्री-पुरुष संबंधातच आहे असं तिच्या मनाने घेतलं. अनुयायांना तिने ब्रह्मचर्य घालून दिलं. मला हे पटत नाही. विवाह देवानेच नेमलेला आहे. ख्रिस्ताचा आत्मा तिच्यात पुन्हा प्रकटला, ही तिच्या लोकांची श्रद्धाही आपल्याला मान्य होणार नाही. पण चार वेळा पाळणा रिकामा झालेल्या बाईशी वाद घालायला माझी जीभ उचलत नाही.

तिच्या मेळ्यातले लोक उपासनेत थरथरत, नाचत, ओरडत. त्यावरूनच शेकर हे नाव पडलं. शब्बाथ मोडल्याच्या आरोपावरून तिला तुरुंगही घडला. १७७४ साली आठ जणांसह ती अमेरिकेला गेली. नवरा तिथे तिला सोडून गेला. ऑल्बनीजवळच्या रानात या लोकांनी वस्ती केली. इंग्रजांशी लढाई चालू, आणि ही इंग्लंडातून आलेली, वर शस्त्र धरू नका म्हणणारी! १७८० साली संशयावरून पुन्हा कोठडी. नंतर दोनेक वर्षं गावोगाव उपदेश करत फिरली, तेव्हा जमावाने मारलं, फरफटत नेलं. १७८४ च्या उन्हाळ्यात भाऊ विल्यम गेला, आणि ८ सप्टेंबरला तीही. वय अवघं ४८.

सुरुवातीच्या त्यांच्या बऱ्याच गाण्यांना शब्दच नव्हते, नुसता आपल्या आलापासारखा सूर. पुढे हजारो गाणी झाली, आणि गंमत बघा, निरक्षर बाईच्या या लेकरांनी सूर टिपून ठेवले ते अक्षरांनी! 'सिंपल गिफ्ट्स' मेन राज्यातले त्यांचे एल्डर जोसेफ ब्रॅकेट यांचं. ती नाचायचीच चाल. १९४४ साली ॲरन कोपलंडने ती आपल्या संगीतात घेतली, १९६३ साली सिडनी कार्टरने तिच्यावरून नवं गीत रचलं, आणि तेच आमच्या पोरांपर्यंत आलं.

गेल्या रविवारी त्यांनी ते पुन्हा म्हटलं. मी टाळी काही वाजवली नाही. पण बाकाखाली पाय हलत होता, तो शेजारच्या मावशींनी पाहिलाच.

एक वाचक, बेळगाव