बगदादची व्हायवा

‘अल्गोरिदम’ हा शब्द अल-ख्वारिझ्मी नावाच्या माणसावरून आला, हे डेटा स्ट्रक्चर्स शिकवताना प्रत्येक सर एकदा तरी सांगतातच. त्याच्या पुढे कुणी जात नाही, कारण सिलॅबस संपवायचा असतो. हा ख्वारिझ्मी बगदादला खलिफा मामूनच्या आश्रयाला होता. ज्या पुस्तकाच्या नावातून ‘अल्जिब्रा’ निघालं, ते पुस्तकही मामूनच्याच काळात लिहिलं गेलं. मामूननं सिंजारच्या सपाट मैदानावर माणसं पाठवून पृथ्वीच्या एका अंशाचं अंतर मोजून घेतलं. ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरं करवून घेतली. थोडक्यात काय, आपल्याला आवडावा असा राजा!

आणि याच राजानं इ.स. ८३३ मध्ये, मरायच्या जेमतेम चार महिने आधी, राज्यातल्या काझींना आणि विद्वानांना एकेक करून उभं केलं आणि एका प्रश्नाचं एकच उत्तर मागितलं. अरबीत या परीक्षेला ‘मिहना’ म्हणतात. त्यात जे शेवटपर्यंत अडून बसले, त्या इमाम अहमद इब्न हन्बल यांच्याबद्दल मला लिहायचंय. त्यांचं सगळं मला पटतं असं मुळीच नाही. पण माणूस विसरता येत नाही.

अहमद यांचा जन्म ७८० साली बगदादचा. शहर तेव्हा अगदी नवं कोरं, खलिफा मन्सूरनं ७६२ मध्ये वसवायला घेतलेलं. घराणं मूळ अरब, पण काही पिढ्या खुरासानकडे गेलेलं. वडील सैन्यात होते, ते तरुणपणीच वारले. मुलाला आईनं वाढवलं. थोडीफार वडिलोपार्जित जागा होती, तिच्या भाड्यावर घर चालायचं. ही भाड्याची बारीकशी मिळकत लक्षात ठेवा, कारण पुढे आयुष्यभर या माणसानं कुणाकडून फुकटची दमडी घेतली नाही, ते तिच्याच जोरावर.

पंधरा-सोळाव्या वर्षी अहमद हदीस शिकायला लागले. हदीस म्हणजे पैगंबर मुहंमद काय बोलले, कसे वागले याच्या आठवणी. कुराण वेगळं, हदीस वेगळं. पैगंबर ६३२ मध्ये गेले. त्यानंतर दीडशे वर्षं या आठवणी मुख्यतः तोंडातोंडी चालत आल्या होत्या. आता हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याला ‘तोंडातोंडी’ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मेसमध्ये निघालेली बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचं काय होतं, ते आपण रोज बघतो. त्या लोकांनाही हे चांगलं माहीत होतं. म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली. प्रत्येक हदीसच्या आधी साखळी सांगायची: मी अमक्याकडून ऐकलं, त्यानं तमक्याकडून, असं करत थेट पैगंबरांच्या साथीदारापर्यंत. या साखळीला ‘इस्नाद’ म्हणतात. मग साखळीतला एकेक माणूस तपासायचा. तो खरं बोलणारा होता का? त्याची स्मरणशक्ती कशी होती? ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो, त्याला तो कधी भेटला तरी होता का? यातून माणसांच्या चरित्रांचं एक वेगळं शास्त्रच उभं राहिलं. मला तरी ही पद्धत फार आवडली. माहिती बरोबर की चूक हे ठरवायच्या आधी ती कुठल्या वाटेनं आली ते बघा.

पण सगळ्यांना हे मान्य होतं असं नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. इराकमध्ये तेव्हा जोर होता तो तर्क आणि स्वतःचं मत वापरून निवाडा करणाऱ्यांचा. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) हे त्यांतलं सगळ्यांत मोठं नाव. काही जण तर त्याहून पुढे जाऊन म्हणत, की कुराण आहे ना, मग ऐकीव गोष्टींवर धर्म कशाला उभा करायचा? या लोकांशी इमाम शाफी यांनी सविस्तर वाद घातला. कुराणात पैगंबरांची आज्ञा पाळायला सांगितली आहे, आणि ती आज्ञा हदीसशिवाय कळणार कशी, असा त्यांचा मुद्दा. शाफी बगदादला आले तेव्हा अहमद त्यांच्याकडे शिकायला जात. (हे सगळं फार लांबचं वाटत असेल, तर आपल्या कोकणातल्या मुसलमानांना विचारा. ते शाफी पंथाचे, आणि घाटावरचे बहुतेक हनफी. आमच्या विंगमधला रत्नागिरीचा मित्र नमाजात ‘आमीन’ मोठ्यानं म्हणतो आणि सोलापूरचा मनातल्या मनात. कारण म्हणजे हीच बाराशे वर्षांपूर्वीची भांडणं!)

अहमद यांनी बाजू घेतली ती हदीसवाल्यांची, आणि तीही टोकाची. स्वतःच्या तर्कापेक्षा थोडी कच्च्या साखळीची हदीससुद्धा बरी, असं त्यांचं मत. त्यासाठी ते कूफा, बसरा, मक्का, मदिना, येमेन सगळीकडे फिरले. पाच वेळा हज केली, त्यातली तीनदा पायी, असं सांगतात. येमेनची गोष्ट तर खासच आहे. सनाला अब्दुर्रज्जाक नावाचे मोठे हदीसतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे जायला अहमद आणि त्यांचे मित्र यह्या इब्न मईन निघाले, तर अब्दुर्रज्जाक त्यांना मक्केतच भेटले. यह्या म्हणाले, झालं काम, इथेच ऐकून घेऊ. अहमद तयार होईनात. येमेनला जाऊन शिकायचा निश्चय केलाय, तर येमेनलाच जायचं. वाटेत पैसे संपले तेव्हा उंटवाल्यांकडे हमाली केली. गुरूंनी पैसे देऊ केले, तेही घेतले नाहीत. हट्टीपणा म्हणा की निष्ठा... या यह्यांचं नाव पुन्हा येणार आहे.

या सगळ्यातून तयार झाला ‘मुसनद’ हा संग्रह. पुनरावृत्ती धरून त्यात सुमारे २७,००० हदीस आहेत. साडेसात लाखांतून निवडल्या असं म्हणतात. अर्थात एकच मजकूर दहा साखळ्यांनी आला तर तो दहादा मोजायची पद्धत होती, त्यामुळे आकडा फुगतो. रचना विषयवार नाही. कुठल्या साथीदारानं सांगितलं, त्याप्रमाणे आहे. वापरणाऱ्याला हे गैरसोयीचं, पण साखळीच सगळ्यांत महत्त्वाची मानणाऱ्या माणसाला दुसरी रचना सुचणारही नाही.

आता तो प्रश्न. कुराण हे ‘मखलूक’ आहे का? म्हणजे अल्लानं इतर सगळ्या गोष्टी निर्माण केल्या तसंच तेही निर्माण केलं, की ते निर्माण न झालेलं, त्याच्याबरोबर कायमच असलेलं आहे? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, यानं कुणाला काय फरक पडतो! पण पडतो. मुतझिला नावाचा तर्कवादी पंथ म्हणायचा, की अल्लाखेरीज दुसरं काहीही अनादि मानलंत तर एकेश्वरवादच मोडला. मामूनला हे पटलं होतं. राज्यपालाला पाठवलेल्या पत्रात त्यानं ख्रिस्ती लोकांचा दाखला दिला. येशू हा देवाचा शब्द आहे म्हणून निर्माण झालेला नाही असं ते मानतात, तुम्ही कुराणाबद्दल तेच करताय, असा त्याचा रोख होता. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं मॉर्निंग असेंब्लीला बायबल ऐकल्यामुळे या मुद्द्यावर मी जरा थबकून बसले. मामूनचा मुद्दा उथळ नाही.

पण त्याच्या मागे दुसराच एक प्रश्न दडलेला होता. धर्मात काय खरं हे ठरवणार कोण? खलिफा, की हदीस जपणारे हे दाढीवाले शिक्षक? लोक मशिदीत जमायचे ते शिक्षकांभोवती, राजवाड्याभोवती नाही. ते मामूनला खुपत असणार.

परीक्षा सुरू झाली. आधी सात नामवंतांना खलिफाकडे पाठवण्यात आलं. सातही जणांनी हवं ते उत्तर दिलं, आणि त्यांत यह्या इब्न मईन होते. मग बगदादचा राज्यपाल इस्हाक इब्न इब्राहीम यानं बाकीच्यांना बोलावलं. बहुतेकांनी गोलमोल उत्तरं दिली, जशी आपण व्हायवात देतो. कुराण ही अल्लाची वाणी आहे, एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. धमक्या वाढल्यावर एकेक जण नमला. शेवटी दोघंच उरले: अहमद आणि मुहंमद इब्न नूह नावाचा तरुण. दोघांना बेड्या घालून तारसूसकडे, मामूनच्या छावणीकडे रवाना केलं. वाटेतच बातमी आली की मामून वारला. दोघांना परत फिरवलं, पण इब्न नूह रस्त्यातच मरण पावला. त्याच्यासाठी शेवटची प्रार्थना अहमद यांनीच केली.

सुटका मात्र झाली नाही. नवा खलिफा मुतासिम हा मामूनचा भाऊ. त्याला या वादात फारसा रस नव्हता, पण भावानं घालून दिलेलं धोरण होतं आणि मुख्य काझी इब्न अबी दुआद पाठीशी लागलेला होता. अहमद दोन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात राहिले. मग दरबारात वादविवाद झाला. अहमद यांचं म्हणणं एकच, की कुराणातून किंवा हदीसमधून पुरावा दाखवा, मी मानतो. तत्त्वज्ञानातला मुद्दा आला की ते त्याला उत्तरच द्यायचे नाहीत. समोरचे लोक चिडणारच! शेवटी फटक्यांची शिक्षा झाली. मारणारे सारखे बदलत ठेवले, म्हणजे हात थकायला नकोत. फटक्यांच्या आकड्यावर एकमत नाही. तुरुंगात एका चोरानं त्यांना धीर दिल्याची गोष्ट सांगतात. मी चोरीपायी हजारो फटके खाल्ले आणि कबूल झालो नाही, तुम्ही तर धर्मासाठी खाताय, असं तो म्हणाला म्हणे. अहमद पुढे आयुष्यभर त्या चोरासाठी दुवा मागत.

ते नमले की नाही? त्यांचे चरित्रकार म्हणतात, नाही. बेशुद्ध पडले, बाहेर लोक जमले, म्हणून सोडून दिलं. मुतझिला लेखक जाहिझ आणि इतिहासकार याकूबी म्हणतात, शेवटी कबूल झाले, म्हणूनच सुटले. म्हणजे साखळ्या तपासण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांच्याच आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या प्रसंगाच्या दोन साखळ्या आहेत आणि त्या जुळत नाहीत! मला स्वतःला पहिली बाजू जास्त पटते. नमलेल्या माणसाला बगदादच्या लोकांनी पुढची वीस वर्षं असं डोक्यावर घेतलं नसतं.

यह्या इब्न मईन नंतर आजारी अहमदना भेटायला आले. अहमदनी तोंड फिरवलं. यह्यांनी पैगंबरांचे साथीदार अम्मार यांचा दाखला दिला, की छळ झाल्यावर तेही नको ते बोलले होते आणि त्यांना माफी मिळाली होती. अहमद यांचं म्हणणं असं की अम्मार यांना मार पडला होता, तुम्हाला फक्त पडेल असं सांगितलं होतं. बोलणं तिथेच संपलं. खरं सांगू? इथे माझी सहानुभूती यह्यांकडे जाते. चाबूक बघून घाबरणं हा काही गुन्हा नाही, आणि येमेनपर्यंत बरोबर चाललेला मित्र रोज मिळत नाही.

मुतासिमनंतर वासिक (८४२ ते ८४७) आला आणि परीक्षा आणखी कडक झाली. शाफींचे शिष्य बुवैती बगदादच्या तुरुंगात बेड्यांतच वारले. ८४६ मध्ये अहमद इब्न नस्र यांचा शिरच्छेद झाला आणि शीर शहरात टांगून ठेवलं. सगळ्यांत कमाल म्हणजे ८४५ मध्ये बायझंटाईन साम्राज्याशी कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा शत्रूकडून सुटून येणाऱ्या मुसलमान कैद्यांनाही आधी तोच प्रश्न विचारला गेला. कुराण मखलूक आहे म्हणा, तरच सोडवून घेऊ! तर्काचा झेंडा घेतलेले लोक इथपर्यंत पोचले. शाळेच्या पुस्तकात आपण गॅलिलिओ वाचतो. तिथे विज्ञान आरोपीच्या पिंजऱ्यात होतं. इथे वेधशाळा बांधणारं सरकार न्यायाधीशाच्या खुर्चीत होतं आणि पिंजऱ्यात एक परंपरावादी म्हातारा. अहमद या काळात घरातच बसून होते, शिकवणंही बंद.

८४७ मध्ये मुतवक्किल गादीवर आला आणि त्यानं वारं फिरवलं. कुराणाच्या स्वरूपावर वाद घालायलाच बंदी केली, पुढे इब्न अबी दुआदच्या घराण्याची मालमत्ता जप्त केली. अहमद यांना आता सन्मानानं सामर्रा या नव्या राजधानीत बोलावलं. इतरांनी इथे हारतुरे घेतले असते. अहमद तिथे जाऊन राजवाड्यातून आलेल्या ताटांना हात लावेनात. रोजे धरले, अशक्त झाले, शेवटी त्यांना घरी पाठवावं लागलं. खलिफानं दिलेले पैसे मुलांनी घेतले, तर मुलांशीही धुसफुस. मुलगा सालिहच्या घरी भाजलेली भाकरीसुद्धा ते खाईनात. मुतासिमला मात्र त्यांनी माफ करून टाकलं होतं. आपल्यामुळे कुणाला परलोकात शिक्षा होऊन आपला काय फायदा, असा त्यांचा हिशोब.

ते ८५५ मध्ये गेले. अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीचे आकडे जुन्या पुस्तकांत लाखांनी आहेत. ते सोडून देऊ, पण गर्दी मोठी होती हे नक्की. त्यानंतर धर्मात काय खरं हे ठरवण्याचा असा उघड प्रयत्न खलिफांना फारसा जमला नाही. तो मान उलेमांकडे गेला. याचा सगळाच परिणाम चांगला झाला असं मला वाटत नाही. तर्कवाल्यांचा आवाज पुढच्या शतकांत क्षीण होत गेला. हदीस कितपत प्रमाण मानायची हा प्रश्न मात्र मिटला नाही. आपल्याकडे अलीगढचे सर सय्यद अहमद खान (१८१७ ते १८९८) यांनी तो पुन्हा काढला आणि त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले.

‘मुसनद’ पुढच्या पिढीला मिळालं ते दुसरा मुलगा अब्दुल्ला याच्यामुळे. त्यानं वडिलांकडून ऐकलेलं लावून घेतलं, स्वतःची काही भर घातली. बैरूतला निघालेली त्याची एक आवृत्ती सूच्या धरून पन्नास खंडांची आहे. तिच्या तळटीपांमध्ये संपादकांनी एकेक साखळी पुन्हा तपासली आहे, आणि इमाम अहमद यांनी स्वतः निवडलेल्या कितीतरी हदीसांखाली सरळ शेरा मारलाय: कच्ची.