बाबांच्या मांडीवर ऐकलेली पुस्तके

बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण १ ऑक्टोबरला येतो. हातात गुलाब आणि क्रूस घेतलेली तिची तसबीर आपल्या बऱ्याच घरांत आहे. आज मात्र तिच्या घरातल्या पुस्तकांविषयी थोडे सांगायचे आहे. पालकांनी जरूर वाचावे.

फ्रान्समधील आलांसाँ गावी २ जानेवारी १८७३ रोजी तेरेजाचा जन्म झाला. वडील लुई मार्टिन घड्याळजी. आई झेली हिचा लेसचा व्यवसाय. २८ ऑगस्ट १८७७ रोजी आई कर्करोगाने वारली, तेव्हा तेरेजा साडेचार वर्षांची होती. पाच मुली पदरी असलेल्या बापाने त्याच वर्षी बिऱ्हाड मामाच्या गावी, लिझ्यूला हलवले. हसरी पोर अबोल झाली, जरा काही झाले की रडू लागली.

त्या घरात हिवाळ्यातल्या संध्याकाळचा क्रम ठरलेला असे. आधी सोंगट्यांचा डाव. मग थोरल्या बहिणींपैकी मारी किंवा पोलीन मोठ्याने वाचत असे. सुरुवात मठाधिपती गेरांजे यांच्या, वर्षभरातले सण व उपासना समजावून सांगणाऱ्या ग्रंथाने. नंतर एखाद्या रंजक, उद्बोधक पुस्तकाची काही पाने. काहीच पाने! तोवर तेरेजा बाबांच्या मांडीवर बसलेली. वाचन संपले की बाबा गाणी आणि कविता म्हणत, शेवटी सगळे मिळून प्रार्थना करीत. मुलीला वाचायला बसवून बाबा दुसरीकडे गेले नाहीत. तेही ऐकत बसले. (आपल्याकडे रोझरी संपायच्या आत रिमोट कोणाच्या हातात असतो, हे मी विचारत नाही.)

मारीने तिला लिहायला शिकवले, बाकी सगळे पोलीनने. तेरेजाला स्वतः वाचता आलेला पहिला शब्द होता ‘स्वर्ग’. शाळा मात्र तिला मानवली नाही. अभ्यासात ती पुढे होती, म्हणून वर्गातली एक मोठी मुलगी तिचा छळ करी. शाळेची ती वर्षे तिने आयुष्यातली सर्वांत दुःखाची मानली. पण पुस्तकांची गोडी शाळेच्या आधी घरातच लागली होती, ती सुटली नाही. जोन ऑफ आर्कची कथा वाचून आपणही असे काही करावे, असे तिला वाटे. ‘ख्रिस्ताचे अनुकरण’ तर जवळजवळ पाठ होते. मामी गंमत म्हणून कुठलेही पान उघडी आणि तेरेजा तिथून म्हणू लागे. चौदाव्या वर्षी इतिहास-विज्ञानाच्या वाचनाने तिला इतके झपाटले, की तिने स्वतःच त्यासाठी ठरावीक तास नेमून घेतले.

९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, ती कार्मेल मठात गेली. तिथे क्रूसाच्या संत योहानाचे ग्रंथ तिचा आधार झाले. पुढे कोणतेही पुस्तक उघडले तरी मन कोरडेच राही. तेव्हाही शुभवर्तमानाने तिला साथ दिली. सेमिनरी नाही, पदवी नाही, तरीही १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या घोषित केले. तिचे आईवडील २०१५ साली संत घोषित झाले.

बाबा १८९४ च्या जुलैमध्ये वारले. त्यानंतर काही महिन्यांनी तेरेजाला बालपणीच्या आठवणी लिहून काढण्याची आज्ञा झाली. आज्ञा देणारी मठप्रमुख पोलीनच होती. तेरेजाने एका साध्या शाळकरी वहीत लिहायला घेतले, आणि त्यात हिवाळ्यातल्या त्या संध्याकाळी व बाबांची मांडीही आली. वर्षभराने, १८९६ च्या जानेवारीत, ती वही तिने पोलीनच्या हाती दिली.